बाबा, प्रफुल्ल आणि पुठ्ठ्याचा कूलर

माझे वडील माझ्याऐवजी प्रफुल्लचे वडील असते, तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

अमरावतीला एम.टेक.ला आम्हाला डिझाइन थिंकिंगचा प्रोजेक्ट होता. आधी लोकांच्या अडचणी ऐकायच्या, मग उपाय म्हणून साधासा नमुना करून त्यांच्यापुढे ठेवायचा. टीममध्ये मी आणि प्रफुल्ल. अडचण मीच सुचवली. अकोल्याला आमच्या घरी नळीने कूलर भरताना टाकी वाहते आणि हॉलचं तळं होतं. पण घरच्यांची मुलाखत घरच्यांनी घ्यायची नाही, असा नियम होता. म्हणून बाबांसमोर प्रफुल्ल बसला.

दोन तास बोलले हो! (माझ्याशी बाबांचं सगळ्यात लांब संभाषण म्हणजे "पंखा बंद कर.") मी स्वयंपाकघरात कान देऊन जळत होतो.

"काका, तुमचं लक्ष लई बारीक हाये बाप्पा!"

"अन् तू लेका ऐकतं किती मन लावून!" बाबा हसले. हसले!!

तेव्हाच ठरवलं, बाबांच्या तोंडून एकदा तरी माझं कौतुक ऐकायचं, तेही प्रफुल्लच्या देखत.

पुढच्या रविवारी दोघांचे नमुने आले. प्रफुल्लने बादलीत थर्माकोल सोडला होता. पाणी वर आलं की घंटी वाजे. बाबा लहान पोरासारखे ती वाजवत बसले. "डोकं हाये पोट्ट्याले!"

माझा नमुना म्हणजे रंगवलेला अख्खा पुठ्ठ्याचा कूलर, वर पाण्याची पातळी दाखवणारा काटा.

"हे काय, शाळेतलं प्रदर्शन?" बाबा म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. "बाबा, हा खऱ्या पाण्यावर चालते! पाहाच तुमी!"

"अबे, पुठ्ठा हाये तो," प्रफुल्ल पुटपुटला.

"तू चूप बस!"

मी पुठ्ठ्याच्या कूलरमध्ये नळी सोडली आणि बाबांचा आनंदी चेहरा टिपायला मोबाईल काढला. चेहरा काही केल्या आनंदी होईना, म्हणून जवळून शूटिंग करत राहिलो. तेवढ्यात कूलरचा तळच सुटला! पाणी थेट दिवाणाखाली, आणि दिवाणाखाली पोत्यांत वर्षाची तुरीची डाळ!

"नळ बंद कर बे!" बाबा ओरडले. धावला कोण? प्रफुल्ल. डाळीचे कट्टे उचलले कोणी? प्रफुल्लने. आईने आधी चहा कोणाला दिला, ते विचारूच नका.

"काका, आता खरं सांगा, कूलरची अडचण काय हाये?" त्याने निथळत विचारलं.

"कूलरले काय होते? तो बिचारा चांगला हाये. हे पोट्टं नळ चालू करते अन् मोबाईल पाहत बसते!"

खरी अडचण अचूक शोधली म्हणून सरांनी टीमला पैकीच्या पैकी गुण दिले. वर्गात प्रोजेक्ट मांडताना पडद्यावर 'अडचण' या शब्दाखाली माझा मोठा फोटो होता. तो बाबांनी स्वतः निवडून पाठवला होता. प्रफुल्लला!