आप्पांच्या मोटरीचं मेण

एका मोटरभोवती चार माणसं रोज जमायला लागली, की किस्से आपोआप साचतात. कुणी ठरवून काही करत नाही. एकजण पुसतो, दुसरा त्यात चूक काढतो, तिसरा आपलं शहाणपण पाजळतो, आणि संध्याकाळपर्यंत सांगण्यासारखं काहीतरी होऊन बसतं. कॅसलरॉकला आप्पांच्या लाकडाच्या वखारीत मी कारकून होतो, तेव्हाच्या ह्या गोष्टी. विलायतेतली मोठी लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. मोटर दिसली की गाडीवान बैल थांबवून बघत राहायचे, असा तो काळ. तुम्हाला हसायला आलं तर खुशाल हसा. मला मात्र हे आठवताना फार हसू येत नाही, आणि त्याचं कारण आधीच सांगून टाकतो.

आप्पांच्या बायकोची, म्हणजे आक्कांची, नजर चालली होती. बेळगावच्या डॉक्टरनं डोळे तपासून सांगितलं होतं, "आतली शीर सुकत चाललीय. ह्याला ऑपरेशन नाही. हळूहळू अंधार होत जाणार."  पुढे थोड्याच दिवसांत आप्पांनी एका गोऱ्या साहेबाची काळी मोटर घेतली. लोक म्हणाले, "आप्पांना श्रीमंती चढली!" म्हणेनात का!

घर वखारीच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. ओसरीवरून खाली रस्त्याचं वळण दिसायचं. तिथली झाडं तोडलेली होती, म्हणून संध्याकाळचं ऊन थेट पडायचं. मोटर पहिल्यांदा त्या वळणावर आली आणि ओसरीवर बसलेल्या आक्का ओरडल्या, "अवो, दिसली! चमकली बघा!" माणसांचे चेहरे त्यांना आता कळत नव्हते. बैलगाडी कुठली आणि झाड कुठलं, तेही कळत नव्हतं. पण ती चकाकी हलत हलत वर येताना त्यांना दिसली.

आप्पा मोटरीतून उतरले, ड्रायव्हरकडे वळले आणि म्हणाले, "जुझे, हिची चकाकी गेली तर तू गेलास!"

*

जुझे हा आमचा ड्रायव्हर, गोव्याकडचा. माणूस मनानं सोनं, पण स्वतःच्या अकलेवर भारी विश्वास. मोटरीचा काळा रंग उन्हापावसानं फिका पडतो, त्यावर काहीतरी चढवायला हवं, एवढं त्याला ठाऊक होतं. काय चढवायचं, हे ठाऊक नव्हतं! त्यानं खोबरेल तेल आणलं आणि आपल्या केसांना लावावं तसं मोटरीला चोपडलं.

वखारीच्या फाटकातून निघाली तेव्हा मोटर अशी झळकत होती की जुझे स्वतःच तिच्यात बघून मिशा सारख्या करत होता. मग लागला आमचा तांबड्या मातीचा रस्ता. तेलावर धूळ बसली, धुळीवर आणखी धूळ बसली. संध्याकाळी परत आली ती गेरू फासल्यासारखी. वखारीतल्या सुताराला खरंच वाटलं की आप्पांनी दुसरी मोटर घेतली.

ओसरीवर आक्का वाट बघत होत्या. मोटर दारात येऊन उभी राहिली तरी त्या वळणाकडेच बघत होत्या. आवाज ऐकून दचकल्या आणि म्हणाल्या, "आज न्हाई दिसली वो."

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. जुझेला त्यांनी गाशा गुंडाळायला सांगितलं, आणि सकाळी पुन्हा ठेवून घेतलं. जुझेच्या नोकरीत असं पुष्कळदा झालं, पण ही पहिली खेप होती.

*

मग आक्कांनीच भिरंडेल काढून दिलं. आमच्याकडे कोकमाच्या बियांचं तूप निघतं, थंडीत फुटलेल्या टाचांना ते लावतात. आक्का म्हणाल्या, "भेगा पडलेल्या टाचांस चालतं, तर मोटरीस का चालू नये? लाव!"

जुझेनं लावलं. मोटर सावलीत होती तोवर झकास! पण इंजिन तापलं आणि बॉनेटवरचं सगळं वितळून खाली मडगार्डवर आलं. सकाळच्या गारव्यात तेच पुन्हा थिजलं. एकाच मोटरीचं बॉनेट कोरडं ठणठणीत आणि मडगार्डांवर पांढरा थर. वखारीतली कुत्री तिला सोडून हलेनात.

आप्पांनी त्या कुत्र्यांकडे बघितलं, मडगार्डाकडे बघितलं आणि विचारलं, "घरात टाचांसाठी काही शिल्लक ठेवलंय का?"

*

जुझेच्या मनाला फार लागलं होतं. त्यानं मेव्हण्याकडून मडगावहून खऱ्या पॉलिशचा डबा मागवला. कॅसलरॉक म्हणजे फिरंग्यांच्या गोव्याची हद्द. गाडीनं आलेला माल स्टेशनातल्या जकातीच्या नाक्यावर उघडून दाखवावा लागायचा. तिथल्या शिपायानं झाकण काढलं, वास घेतला आणि साधंच विचारलं, "हे काय?"

"मोटरीक लावतात," जुझे म्हणाला.

"मोटरीला? आणि लावून काय होतं?"

एवढं विचारलं आणि आमचा जुझे पेटला! त्यानं खिशातलं फडकं काढलं, शेजारच्या लाकडी बाकड्याचा एक कोपरा घासून दाखवला. कोपरा उजळला. लोक जमले. "वा!" म्हणाले. जुझेला ते "वा" चढलं. त्यानं दुसरा कोपरा घासला, मग पाठ घासली, मग हात टेकायची जागा घासली. कुणी सांगितलं नव्हतं की मागितलं नव्हतं! वखारीत डबा आला तेव्हा त्यात तळाला बोटभर पॉलिश उरलं होतं.

पुढे कितीतरी दिवस स्टेशनावर गाडीची वाट बघणारी माणसं त्या बाकड्यावर बसली की हळूच पुढे घसरायची.

*

कुंभारवाड्याकडचा तुळशा कुणबी जंगलातला मध घेऊन यायचा. त्यानं पोळ्याचा एक मोठा गोळाच जुझेपुढे ठेवला. "ह्ये लाव. पावसाचं पानी आत शिरनार न्हाई." जुझेनं तो तसाच्या तसा, मध, माश्यांची पिल्लं, काड्याकुड्यांसकट ऊन करून मोटरीला थापला. तुळशाला वाटलं, ड्रायव्हर आहे, त्याला गाळून घ्यायचं कळत असेल. जुझेला वाटलं, कुणब्यानं दिलंय ते गाळूनच दिलं असेल!

सकाळी येऊन बघतो तर शेडभर अस्वलाच्या पावलांचे ठसे. मोटरीच्या बॉनेटवर जिभेचे लांबलचक फराटे. एक दार वाकलेलं. पण चकाकी म्हणाल, तर असं पुसणं आमच्यापैकी कुणालाही जमलं नव्हतं!

जुझेनं दार ठोकून सरळ केलं आणि आप्पांना घेऊन निमूट कामाला गेला. संध्याकाळी मोटर वळणावर आली. आक्का ओसरीवर उठून उभ्या राहिल्या. "चमकली! लई चमकली आज! जुझे, आज कुनी घासली रं?"

जुझे खाली मान घालून म्हणाला, "आक्का, तो बदलीचा मानूस. परत यायचा न्हाई."

*

शेवटी रस्ता सापडला तो आक्कांच्या कुंकवाच्या करंड्यात. बायका कपाळावर आधी मेण लावतात आणि त्यावर कुंकू टेकवतात, हे तुम्हाला सांगायला नको. ते मेण आक्का घरीच करायच्या. पोळं गरम पाण्यात वितळवायचं, फडक्यातून गाळायचं, थंड झालं की वर आलेली वडी काढायची, पुन्हा वितळवून पुन्हा गाळायची. मग कोरडं पडू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब.

अस्वलाची हकिकत कळल्यावर आक्का पोट धरधरून हसल्या. मग म्हणाल्या, "अरं येड्यांनो, माझ्या कपाळावर कधी अस्वल आलंय का?" आणि चुलीवर पाणी ठेवायला लावलं.

आक्का बोटांनी वडी चाचपून सांगायच्या, अजून कचरा आहे की नाही. तेलाऐवजी त्यात वखारीतलं टर्पेंटाइन घालायचं जुझेला सुचलं. त्याच्या एवढ्या अकलांपैकी ही एक खरी निघाली. पण लावताना पुन्हा तसंच जाड थापलं! मोटर धुरकट दिसायला लागली, हात लागेल तिथे बोटं उमटायला लागली.

आक्कांनी त्याला समोर बसवलं. "कपाळाला आपण मेण थापतो का? नखावर मावंल एवढं घे. पातळ लाव. वाळू दे. मग मऊ धोतरानं पुस. सावलीत, उनात न्हाई."

त्या दिवशीपासून आमच्या मोटरीला कुंकवाचं मेण लागायला लागलं. पावसाळ्यात मी स्वतः बघितलंय, अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी तिच्यावरून घरंगळायचं.

*

आप्पा कडक माणूस. वखारीत त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं खोकत नसे. त्या पावसाळ्यात स्टेशनाबाहेर मोटर बंद पडली. जुझे खाली वाकून काहीतरी खटपट करत होता. आमचा पाऊस, तुम्हाला माहीत आहे, बाजूनेही येतो. बॉनेटच्या दोन पानांपैकी एक उघडून ठेवलेलं. आप्पांनी छत्री उघडली आणि उघड्या इंजिनावर नाही, मिटलेल्या चकचकीत पानावर धरली. स्वतः डोक्यापासून चपलेपर्यंत भिजत उभे!

स्टेशनातले लोक आडून हसत होते. एका ओळखीच्या व्यापाऱ्याला राहवलं नाही. "आप्पा, लोखंडाला सर्दी होत नाही हो!"

आप्पा म्हणाले, "तुम्हाला दिसतं ना? मग पुढं बघून चाला."

तो बिचारा पुढे चालायला लागला. त्याला काय ठाऊक! मला ठाऊक होतं, आणि मला त्या वेळी आप्पांच्या छत्रीचा दांडा आपण धरावा असं फार वाटलं. धीर झाला नाही.

*

एक गोष्ट मात्र मी त्या घरात पुढे पुन्हा कधी ऐकली नाही. "आज न्हाई दिसली" हे आक्का त्या खोबरेलाच्या दिवसानंतर म्हणाल्या नाहीत. रोज संध्याकाळी आप्पा पायरी चढताना विचारायचे, "दिसली?" आक्का म्हणायच्या, "दिसली की!" मग आप्पा पाय धुवायचे, चहा मागायचे, दोन शब्द जास्त बोलायचे. जुझेची नोकरीही त्या दोन शब्दांवर शाबूत राहायची. पाऊस धो धो पडत असायचा, वळणावर ऊन सोडा, वळणच दिसत नसायचं, तरी "दिसली की!"

जुझेला त्याचा केवढा अभिमान! मला म्हणायचा, "बघितलंस? पावसातसुद्धा दिसते! मेण म्हंजे मेण!"

*

आता शेवटचा किस्सा सांगतो. पाऊस उघडला होता. कुंभारवाड्याच्या बाजूला आप्पांना उभी झाडं बघायला जायचं होतं. मी मागे बसलो होतो. जाताना ठीक गेलो. येताना जुझे एका गाडीला वाट द्यायला म्हणून रस्ता सोडून बाजूला उतरला आणि मोटर भाताच्या खाचरात रुतली, पार दारापर्यंत.

तुळशानं वाडीतले बैल आणले, लोक आले. चाकं फिरली की चिखल उडायचा तो टपापर्यंत. मोटर निघाली तेव्हा तिचा रंग कोणता हे परक्याला सांगता आलं नसतं. बॉनेट, दारं, दिवे, सगळं लिंपलेलं. काचेवर जुझेनं हातानं एक खिडकी पुसून घेतली, तेवढ्यातून तो रस्ता बघत होता.

वाटेत ओढा लागला. जुझेनं मोटर थांबवली. त्याचा चेहरा उतरला होता. "आप्पा, धूवन घेऊ? आक्का..."

आप्पांनी सूर्याकडे बघितलं. "उशीर होईल. ती वाट बघत बसलीय. चल. आज न्हाई दिसली तर न्हाई दिसली. मी सांगतो तिला, चिखल आहे म्हणून."

वळण आलं. ऊन स्वच्छ पडलं होतं. मोटर त्या उन्हातून गेली आणि तिच्यावर काही म्हणजे काही चमकलं नाही. वाळत आलेल्या चिखलाच्या खपल्या तेवढ्या खाली पडत होत्या. जुझेनं मोटर ओसरीसमोर आणून इंजिन बंद केलं. आप्पा उतरले. काय सांगायचं ते त्यांनी मनाशी ठरवलेलं असावं, त्यांनी तोंड उघडलंही.

तेवढ्यात आक्का खांबाला धरून उठल्या. तोंडभर हसत होत्या.

"आली! अवो, आज काय चकाकतीया! वळनावरनंच दिसली मला. जुझे, आज मेण अगदी बरोबर लागलंय बघ!"

जुझेचा हात दारावर होता, तो तिथेच राहिला. मी आप्पांकडे बघू शकलो नाही, म्हणून मोटरीकडे बघत राहिलो. 

मग आप्पा पायरी चढले, आक्कांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाले, "व्हय. आज लई चकाकतीया."

त्या आत चहाचं सांगायला वळल्या तेव्हा आप्पा ओसरीच्या कडेला आले.

"जुझे," ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी धुऊन मेण लाव. पातळ लाव."