मिलिंदचा उन्हाळा

चार वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. शाळेत डब्यातली भाजी मी कुणाला दिली, एवढंसुद्धा माझ्या बायकोला घरबसल्या कळतं. पण हे तिलाही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर सांगायची छाती झाली नसती.

मी दत्ता. कळंबच्या एका हायस्कुलात पीटीचा मास्तर. पीटीच्या मास्तराला शोभू नये एवढं पोट आहे, आणि गळ्यात शिटी आहे. लोक मला सरळ माणूस म्हणतात. ते असं का म्हणतात, तेही पुढं येईलच.

आधी मिलिंदचं सांगतो. म्हणजे माझंच, पण त्याच्यापासून सुरुवात केली की मला जरा सोपं जातं.

मिलिंद आणि मी एका वर्गातले. एकाच सिमेंटच्या मैदानावर, एकाच फाटक्या बॉलनं बास्केटबॉल शिकलो. तो मोठा होऊन लाइनमन झाला, खांबावर चढून गावाची वीज सांभाळू लागला. मी मास्तर झालो. पण संध्याकाळी दोघंही मैदानावर. बावीस वर्षांचे असताना जिल्ह्याच्या संघात दोघांची निवड झाली आणि आम्ही राज्य स्पर्धेला गेलो. मी खेळलो. मिलिंद चारही सामने बाकावर बसून राहिला, एक मिनिटसुद्धा आत गेला नाही. परत येताना गाडीत तो म्हणाला होता, "एकदा तरी तिथं खेळून यायचंय, दत्ता. पाच मिनिटं का हुईना." त्यानंतर सतरा वर्षं तो हेच म्हणत राहिला. जिल्ह्याचा संघ दर वर्षी निवडला जायचा, आणि दर वर्षी मिलिंदचं नाव थोडक्यात राहून जायचं.

मी चौतिसाव्या वर्षी खेळ सोडला. गुडघा दुखायचा. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम करा, वजन उतरवा, वर्षभरात खेळाल. मी ते केलं का? नाही केलं. कंटाळा केला. पण कंटाळा केला असं कोण कबूल करतं? मी सांगत सुटलो — पस्तिशीच्या पुढं बास्केटबॉल नसतो, शरीराचा धर्म आहे, त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही. पोरांना सांगितलं, मित्रांना सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय! पण पाच वर्षं एकच गोष्ट बोलत राहिलं की ती आपली आपल्यालाच खरी वाटायला लागते. मला ती अगदी खरी वाटत होती. त्या वाटण्यावर माझं बरं चाललं होतं.

मग तो फेब्रुवारी आला. लातूरकडच्या एका संघाशी सामना होता आणि मिलिंद पार उघडा पडला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, दम लागलेला, समोरचा पोरगा त्याला ओलांडून तीनदा आरामात बास्केट करून गेला. बघणारे हसले. सामना संपल्यावर मी त्याच्या शेजारी बसून मोठ्या मायेनं म्हणालो, आता बस कर, मिलिंद. बघा — ती माया खोटी नव्हती. तो थांबला असता तर मी त्याच्यावर फार प्रेम केलं असतं.

तो म्हणाला, "एक उन्हाळा दे मला. मंग बघू."

आणि त्यानं तो उन्हाळा काढला. मार्च ते मे. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगून कळायचा नाही. सकाळी आठला सिमेंट पायाला चटके देतं. हा बाबा पहाटे उठून मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात वाळूवर पळायचा, मग मैदानावर येऊन तीनशे बास्केट मारायचा, मग आंघोळ करून कामावर. गुटखा सोडला. साखरेचा चहा सोडला. डाव्या हातानं त्याला कधीच जमायचं नाही, तर महिनाभर सगळं डाव्या हातानं — दात घासणं, जेवणं, बॉल टाकणं. त्याची बायको रंजना अंगणवाडीत सेविका आहे. ती पदर खोचून रिंगखाली उभी राहायची आणि खाली पडलेला बॉल त्याला परत फेकायची. तीनशे वेळा. हसू नका, मी हसलो होतो.

मे महिन्यात एका सकाळी मी सहज मैदानावर गेलो, आणि मला तो ओळखूच आला नाही. नऊ-दहा किलो उतरला होता. डावीकडून आला, हवेत गेला, डाव्या हातानं बॉल अलगद बोर्डावर टेकवला आणि आत सोडला. विशीत होता त्यापेक्षा चांगला खेळत होता! आता मी काय करायला हवं होतं? मित्र होतो ना? धावत जाऊन मिठी मारायला हवी होती. मी म्हणालो, "गुडघे सांभाळ बरं का." आणि घरी आलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

का गेलं नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायला आवडेल. पण कळलं होतं. तो माझ्याच वयाचा होता. त्याला जमलं याचा अर्थ मलाही जमलं असतं. शरीराचा धर्म वगैरे काही नव्हतं, मी नुसता आळशी होतो. माझ्या तोंडावर कुणी असं म्हणालं नव्हतं, म्हणणारही नव्हतं. पण तो मैदानावर असेपर्यंत मला ते दिसत राहणार होतं.

निवड चाचणी जूनच्या पहिल्या रविवारी धाराशिवला होती. निवड समितीत मी धरून तिघं. अकरा नावं ठरली. बाराव्या जागेसाठी दोघं उरले — मिलिंद आणि लोहाऱ्याचा एक बावीस वर्षांचा खेळाडू. खेळात मिलिंद उजवा ठरला, ते सगळ्यांनीच पाहिलं. पण त्याचं वय बघता दम किती आहे ते नेहमीच्या पळण्याच्या चाचणीनं तपासायचं ठरलं. मैदानाच्या रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सतरा वेळा पळायचं, बहात्तर सेकंदांच्या आत. लोहाऱ्याचा पोरगा सहज वेळेत बसला. मग मिलिंद उभा राहिला.

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. आजकाल प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो, पण दुसऱ्या कुणीच वेळ लावली नाही. आमच्याकडं सर घड्याळ घेऊन उभे असले की दुसऱ्यानं वेळ लावणं म्हणजे सरांवर संशय घेतल्यासारखं होतं. तशी रीतच नाही.

मिलिंद पळाला. काय पळाला म्हणून सांगू! शेवटच्या फेरीला त्यानं रेघेवर पाय ठेवला आणि मी बटण दाबलं. एकोणसत्तर.

मी म्हणालो, "चौऱ्याहत्तर."

बास. एवढंच. तोंडातून गेलं. मी ठरवलं नव्हतं — आणि हे खरं आहे, पण तुम्ही याला धरून बसू नका. कारण मी इथंच थांबलो असतो तर कदाचित हे सांगितलंही नसतं. माणसाच्या तोंडून जातं एखादं वाकडं, म्हणून स्वतःची समजूत घातली असती. मी थांबलो नाही.

मिलिंद गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. मान वर करून म्हणाला, "अजून एक डाव दे, दत्ता. जरा दम खाऊन पळतो." बाकीचे दोघं हो म्हणाले. पंधरा मिनिटं दिली. पंधरा मिनिटं — म्हणजे मलाही दिली, नाही का? मी निंबाच्या सावलीत बसलो. हातातलं स्टॉपवॉच शून्यावर आणलं. पुढच्या वेळी खरं सांगून टाकलं की सगळं मिटणार होतं, कुणाला काही कळणारसुद्धा नव्हतं. एवढं सोपं होतं ते. समोर तो पाठीवर झोपून पाय हवेत झटकत होता, आणि मी विचार करत होतो. काय विचार करत होतो? आता किती सांगितलं तर खरं वाटेल, याचा.

दुसऱ्यांदा तो एकाहत्तरमध्ये आला. दमलेल्या पायांनी, भर उन्हात, तरीही आत. मी म्हणालो, "त्र्याहत्तर." मर्यादेपेक्षा एक सेकंद जास्त. मुद्दाम एकच. फार सांगितलं असतं तर कुणी शंका घेतली असती. एका सेकंदानं हुकलं की लोक हळहळतात, शंका घेत नाहीत. लोक हळहळलेच.

समितीतले एक वयस्कर गृहस्थ होते, ते म्हणाले, "सर, सेकंदाचं काय एवढं? घेऊ की त्याला." दार पुन्हा उघडं होतं. तिसऱ्यांदा! आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, आज मित्रासाठी वाकवला तर उद्या कुणासाठीही वाकवावा लागेल. त्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून जिल्ह्यात बोललं जातं — दत्ता सर म्हणजे सरळ माणूस, सख्ख्या दोस्तालासुद्धा सोडलं नाही. सरळ माणूस म्हणतात तो हा असा.

मिलिंदनं तोंडावर पाणी मारलं आणि माझ्याजवळ आला. मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "घड्याळाला तू व्हतास म्हनून बरं झालं. दुसरा कुनी असता तर म्या मानलंच नसतं."

त्यानं त्या दिवशी खेळ सोडला. भांडण नाही, रडणं नाही. बॉल एका शाळेला देऊन टाकला. गुटखा परत सुरू झाला. तीन महिने त्याचं शरीर त्याला सांगत होतं की जमतंय, आणि ते खोटं होतं असं त्यानं माझ्या शब्दावर मान्य केलं. आता हाताखालची पोरं काही नवं करायला निघाली की तो म्हणतो, उगं जिवाला त्रास करून घेऊ नका, जे जाणार ते जातंच. हे वाक्य माझं आहे. मी पाच वर्षं गावभर वाटत फिरलो, ते शेवटी त्यानं घेतलं.

आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो होतो. चोराच्या मनात चांदणं — बघायला गेलो होतो की त्याला काही कळलंय का. रंजनावहिनींनी पाणी दिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"सर, एक इचारू का? रोज त्या सतरा फेऱ्यांना म्या मोबाइलवर टाइम लावायची. शेवटच्या महिन्यात सत्तरच्या वर कधीच गेलं न्हाय. तितं गेल्यावरच कसं वाढलं?"

मी काही बोलायच्या आत मिलिंद तिच्यावर खेकसला, "ए, गप. दत्ताचं घड्याळ हाय ते. त्यो माझं वाईट करंल व्हय?"

आणि मी — मी हसलो. म्हणालो, वहिनी, सराव वेगळा आणि चाचणी वेगळी, ताणानं पाय जड होतात. शाळेत पोरांना समजावतो तशा आवाजात समजावलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पेला उचलून आत गेल्या.

त्यानंतर त्या मला कधी काही विचारायला आल्या नाहीत. गेल्या वर्षी बसस्टँडवर एकट्या भेटल्या. तेरला भावाकडं निघाल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्या त्यांना काय बोलले न्हाय, सर. बोलनार बी न्हाय. त्यांचा खेळ तर गेला. आता दोस्त बी गेला, तर मानसानं कशावर जगावं?"

बस लागली होती. त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या, आणि बस निघेपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही.

त्यांनी मला माफ केलं, असं समजू नका. मीही समजत नाही. नवऱ्याजवळ कुणीतरी असावं म्हणून त्यांनी मला राहू दिलंय, एवढंच. आणि मी राहिलोय. दर रविवारी सकाळी मिलिंद माझ्या घरी चहाला येतो. बाहेरूनच हाक मारतो, "दत्ता, हायस का?" मी दार उघडतो, त्याला आत घेतो, आणि सांगत नाही.