वेग ओसरताना

विभागात सर सगळ्यांशी हिंदीत नाहीतर इंग्रजीत बोलायचे. माझ्याशी मराठीत बोलायला लागले की आता काहीतरी मुकाट्याने गिळायचं आहे हे कळून चुकायचं. सर पुण्याचे, माझे पीएच.डी.चे गाइड. मी ब्रह्मा घाटावरची, कितीतरी पिढ्या काशीत काढलेल्या घरातली. पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, "चला, या गावात कुणीतरी आपलं भेटलं." तेव्हा मी घरी जाऊन ते कौतुकाने सांगितलं होतं. आज ते वाक्य आठवलं तरी डोकं फिरतं.

काम सांगायला सोपं होतं. काचेची एक लांब चौकोनी नळी, तिच्यात मोटरने पाणी एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलायचं, आणि भिंतीलगत ते कधी बिथरतं ते पाहायचं. बिथरतं म्हणजे थराथरांनी नीट सरकणारं पाणी अचानक भोवऱ्यांत मोडतं. विभागातली पद्धत अशी, की वेग सर्वांत जास्त असतो त्याच क्षणाची मोजमापं घ्यायची. गडबड झाली तर तिथेच होणार, असं सगळे धरून चालायचे. मी सेन्सर पूर्ण फेरीभर चालू ठेवला आणि भिंतीजवळ जांभळ्या रंगाची बारीक धार सोडली.

पाणी वेग घेत होतं तोवर धार सुतासारखी सरळ होती. वेग ओसरायला लागला तशी ती थरथरली आणि फुटली. मधलं पाणी अजून पुढेच चाललेलं असतं, तेवढ्यात भिंतीलगतचा थर उलटा वळतो. दोघांच्या ओढाताणीत ते मोडतं. पाणी पुन्हा वेग घेऊ लागलं की सगळं परत शांत. हे बाहेर इतरांनी आधी पाहिलेलं होतं, मी काही अमेरिका शोधली नव्हती. पण आमच्या नळीत ते किती वेगाला सुरू होतं, हे माझं होतं, आणि सरांच्या जुन्या सूत्राप्रमाणे त्या वेगाला पाणी शांत असायला हवं होतं.

"अगं, काच घाण असेल," सर मराठीत म्हणाले. "जरा घासून घे."

घासली. बोटं सोलून निघेपर्यंत घासली. पाणी तरीही फुटलं, फक्त आधीपेक्षा थोड्या जास्त वेगाला फुटलं. म्हणजे भिंतीवरचा बारीकसारीक खडबडीतपणा गडबड लवकर सुरू करतो, पण नुसती भिंत चकचकीत केल्याने ती टळत नाही. मला तर दुप्पट आनंद झाला. मी धावत सांगायला गेले.

सरांनी आलेख पाहिले, दार लोटलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळ, प्रत्येक फेरी वेगळी कशाला दाखवायची? सगळ्यांची सरासरी काढ. सुंदर रेषा येईल."

येणारच. पाणी दर वेळी जरा वेगळ्या जागी फुटतं. शंभर फेऱ्यांची सरासरी काढली की सगळे झटके एकमेकांत विरून जातात आणि उरते ती गुळगुळीत थाप. थाप हाच शब्द. मी तोंडावर तसं म्हटलं नाही, "पण सर, मग गडबड कुठे दिसेल?" एवढंच विचारलं. ते हसले. म्हणाले, "आपल्या घरातली गोष्ट आहे ही, बाहेर कशाला?"

घरातली. नवरात्रात ते खरंच आमच्याकडे जेवायला येत. आई त्यांच्यासाठी पुरण घालायची, ते तूप वाढून घेत आणि सांगत, "मुलगी हुशार आहे हो, फक्त हट्टी." आई माझ्याकडे असं बघायची की मीच अपराधी. मी ताट उचलून आत जायची. घाटावर जाऊन बसलं तर तिथेही तेच दिसायचं. मोटरबोट गेली की पाणी पायऱ्यांवर चढे, आणि परतण्याआधी मंदावलं की पायरीजवळचा गाळ ढवळून निघे. एवढं उघड्या डोळ्यांना दिसत होतं, आणि मला ते झाकायला सांगितलं जात होतं, तेही माझ्या आईच्या भाषेत.

प्रबंधाआधीच्या सेमिनारला बाहेरचे परीक्षक आले होते. मी सरासरी दाखवली, आणि तिच्या पाठोपाठ सुट्या फेऱ्यांचे आलेख पडद्यावर आणले. ते प्रकरण प्रबंधात राहणार की जाणार, ते त्या दुपारीच ठरायचं होतं. पहिल्या रांगेतून सर गोड आवाजात मराठीत म्हणाले, "बाळ, ते राहू दे. पुढे चल." बाकीचे समजल्यासारखे हसले. त्यांना वाटलं, गुरुजींनी धीर दिला.

माझा आवाज चढला, तो मी आवरला नाही. "सर कह रहे हैं कि इसे छोड़कर आगे बढ़ूँ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत सांगितलं. "मैं नहीं छोड़ूँगी। सारी गड़बड़ी यहीं से शुरू होती है।"

बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि एकेक फेरी पुन्हा दाखवायला सांगितली. ते बराच वेळ पाहत राहिले. प्रकरण प्रबंधात राहिलं. सर आता माझ्याशी हिंदीत बोलतात आणि 'आप' म्हणतात.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आई कणीक मळत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्यांच्या सामने त्यांची बेइज्जती करायची काय जरूरत होती? मराठीत नसतं सांगता आलं?"

"मराठीतच सांगत होते, आई," मी म्हटलं. "इतके दिवस मराठीतच सांगत होते."