पाच मिनिटं चार सेकंद

चॅम्पियन कुठेही निघण्याआधी डोळे मिटायचे. सकाळी सिंगापूरमधल्या यिशुनहून जुरोंग आयलंडच्या कारखान्यात जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसत, डोळे मिटत आणि दोन्ही हात छातीसमोर धरून डावीकडे-उजवीकडे डोलत. पहिल्या दिवशी मनात म्हटलं, आली का कटकट! रोज या माणसाशेजारी बसून जायचं? शेवटी न राहवून विचारलंच. डोळे न उघडता म्हणाले, "थांब जरा, तिसऱ्या टाकीपाशी आहे. तिथं पाइप आडवा येतो."

बर्फाच्या उतारावरून स्कीवर शर्यत करणारे असंच करतात, हे मला नंतर कळलं. उतारावर खांबांच्या जोड्या रोवलेल्या असतात, त्यांना गेट म्हणतात. एकही गेट चुकवून चालत नाही. शर्यतीआधी वाट एकदाच बघायला मिळते. मग वर उभं राहून, डोळे मिटून ती पाठ करायची. चॅम्पियन आमच्या कारखान्यात बचाव पथकाचे प्रमुख होते. आग लागली, वायू गळला, तर अडकलेल्या माणसाला आणायला सगळ्यांत आधी ते आत जाणार. म्हणून रोज टाक्यांमधली वाट पाठ करणं चालायचं. "धुरात डोळे काय कामाचे?" असं म्हणायचे.

चॅम्पियन हे नाव बसमधल्यांनी थट्टेनं ठेवलेलं. "चॅम्पियन, इथे बर्फ फक्त आइस कचांगच्या गोळ्यात, लाह!" म्हणत ड्रायव्हर अंकलसुद्धा त्यांना चिडवून घ्यायचे. मी पडले पुण्याची, खात्री करून घेतल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी सरळ पुरावा मागितला. न रागावता दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फोटो आणला. बर्फात उभा एक सडपातळ पोरगा, छातीवर नंबर, गळ्यात झेंडूचा हार. हिमाचलमधल्या एका हमालाचा हा मुलगा फळ्यांना चामड्याचे पट्टे ठोकून घसरायला शिकला, लष्करात गेला आणि तीन वर्षं देशात पहिला आला. युरोपातल्या मोठ्या शर्यतीत मात्र शेवटचा. तेही ते ताठ मानेनं सांगायचे, "शेवटचा आलो, पण खालपर्यंत आलो. निम्मे तर वाटेतच पडले होते."

मग एकदा पडले ते असे, की उजव्या गुडघ्याचा चुराच झाला. पुण्याच्या लष्करी इस्पितळात साताऱ्याच्या ज्या नर्सनं त्यांना पुन्हा चालायला शिकवलं, तिच्याशीच त्यांनी लग्न केलं. त्यामुळे मराठी बोलायचे, आणि तेही थेट सातारी ठसक्यात. यिशुनला त्यांचा ब्लॉक माझ्या शेजारचाच. रविवारी वहिनी भाकरी थापायच्या, चॅम्पियन राजमा शिजवायचे, आणि मी आयती जेवायला. मी एकटी राहते म्हणून डबाही बांधून मिळायचा.

अशाच एका रविवारी वहिनींनी सांगितलं. एका शर्यतीत दाट धुकं होतं. ह्यांचं एक गेट हुकलं, पंचाला दिसलंच नाही. पहिला नंबर जाहीर झाला, गळ्यात हारही पडला. ह्यांनी तो काढून पंचाच्या टेबलावर ठेवला आणि हुकलेलं गेट दाखवलं. त्यांची मुलगी तनू कपाळाला हात लावून म्हणाली, "पप्पा, सो ब्लर लाह, एकदम भोळसट! कोणी बघितलं पण नव्हतं!" ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी बघितलं होतं ना."

हे ऐकलेलं असूनही मी जे करायला नको होतं तेच केलं.

बचाव पथकाची दर वर्षी परीक्षा असते. अंगावर सगळा पोशाख, पाठीवर हवेची टाकी, आणि मनोऱ्याच्या सातव्या टप्प्यापर्यंत चढून पाच मिनिटांत खाली यायचं. जो येणार नाही तो पथकातून बाद. चॅम्पियनचा सिंगापूरमध्ये राहायचा पास या नोकरीवर, वहिनींचा आणि तनूचा त्यांच्या पासवर. तनूची ए लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा आठ महिन्यांवर आलेली. गुडघा तर वर्षभर कुरकुरत होता. बसमधून उतरताना ते दांडा कसे धरायचे, मला दिसत नव्हतं का? त्या वर्षी वेळ मोजायचं काम माझ्याकडे आलं.

वर जाताना ते ठीक होते. उतरताना प्रत्येक पायरीवर एक पाय आधी, मग दुसरा. माझा जीव टांगणीला लागला. ते खाली पोचले तेव्हा घड्याळात पाच मिनिटं चार सेकंद झाले होते. मी कागदावर चार अठ्ठावन्न लिहिलं आणि घड्याळाचं बटण दाबून आकडे पुसून टाकले.

मास्क काढून त्यांनी विचारलं, "किती?"

"चार अठ्ठावन्न. पास!"

ते माझ्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं उभं आयुष्य सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर काढलं, त्याला मी वेळ शिकवत होते! "मेधा," ते हळू म्हणाले, "मी पाचाच्या वर होतो. किती वर, ते तू सांग."

मी शून्यावर आलेल्या घड्याळाकडे बघितलं. अखेर सांगितलं. त्यांनी पेन मागितलं, माझा आकडा खोडला, खरा लिहिला आणि शेजारी माझी सही घेतली. महिन्यानं पुन्हा परीक्षा देता आली असती. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "गुडघा महिन्यात तरुण होत नाही गं. वर कुणी अडकला असता, तर ते चार सेकंद त्याचे होते." मग टाकी उतरवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हरवलं मला पुष्कळांनी. दया कुणी केली नव्हती." मी शरमेनं मेले.

महिन्याभरात ते दोघं हिमाचलला गेले. तनूला स्टुडंट पास मिळाला आणि परीक्षा होईपर्यंत ती माझ्याकडे राहिली. त्यांनी स्वतःच विचारलं, "ठेवशील ना पोरीला?" मला वाटलं, दुसरं कोण होतं इथे त्यांना? गावी ते उतारावर मुलांना स्की शिकवायला लागले. दिवाळीला फोन यायचा, त्या दिवसाचा विषय मात्र कधी निघाला नाही.

गेल्या हिवाळ्यात चॅम्पियन गेले. झोपेतच. मी वहिनींना फोन केला, आणि इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "वहिनी, त्या दिवशी वेळ मी—"

"माहीत आहे गं मला," त्या रडत रडतच म्हणाल्या. "यांनी घरी येऊन सांगितलं होतं. म्हणाले, मेधाचा किती जीव आहे आपल्यावर, तरी तिनं एक सेकंद इकडचा तिकडे केला नाही. अशा घरी पोरगी डोळे झाकून ठेवावी. म्हणून तर तनूला तुझ्याकडे सोडून आलो."

गप्प बसणं किती सोपं होतं. पण मी सांगितलं. चार अठ्ठावन्न, पुसलेलं घड्याळ, खोडलेला आकडा, सगळं.

वहिनी म्हणाल्या, "तीस वर्षं संसार केला मेधा. त्यांच्या तोंडून एवढं एकच खोटं ऐकलं मी, तेही आज कळलं."