पुंडलिकची दोन रकान्यांची वही

खोटं बोलणाऱ्या माणसाचा पुंडलिकला राग येत नसे, किळस येत असे. रागावलेला माणूस दोन शब्द बोलून मोकळा होतो. पुंडलिकचं तसं नव्हतं. समोरचा थापा मारायला लागला की याचं तोंड नासका बोंबील चावल्यासारखं व्हायचं, आणि तो उठून ओट्यावर जाऊन थुंकून यायचा. म्हणून मुरबे गावात लग्नाकार्याला त्याला पुढारी मंडळींच्या शेजारी कोणी बसवत नसे.

हा आजार त्याला हवाई दलात जडला. तसा तो जन्मला मच्छीमाराच्या घरात, पण दर्यावर नेला की बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडायच्या आत ओकायचा. मॅट्रिक पास झाला तेव्हा थोरला भाऊ कमलाकांत त्याला म्हणाला, "तू नोकरीच धर. बोट मी बगतय." आणि सदुसष्ट साली पुंडलिक एक पत्र्याची पेटी आणि सुकटीची पुरचुंडी घेऊन भरतीला गेला. सुकटीच्या वासापायी पहिल्याच रात्री बराकीतल्या लोकांनी ती पुरचुंडी खिडकीतून फेकली.

गावाला वाटायचं, हा विमान चालवतो. चोवीस वर्षांत पुंडलिक विमानात दोनदा बसला, दोन्ही वेळा सामानाच्या विमानात, आणि दोन्ही वेळा ओकला. त्याचं काम जमिनीवर, एका बंद खोलीत. तिथे माणसापेक्षा उंच अशी पारदर्शक काच उभी असायची आणि तिच्यावर मुलखाचा नकाशा. रडारवरचा माणूस कानातल्या फोनवर सांगायचा, अमुक विमान अमुक जागी. पुंडलिकने काचेमागे उभं राहून ते मेणाच्या पेन्सिलीने मांडायचं, आणि पुढून बघणाऱ्या साहेबाला सरळ दिसावं म्हणून सगळं उलटं लिहायचं. साहेब ते बघून वर उडणाऱ्या वैमानिकाला सांगायचा, डावीकडे वळ, वर चढ, शत्रू पुढे आहे. आकाशातली लढाई अशी खोलीत बसून लढवतात. उलटे आकडे भराभर लिहायला शिकण्यातच त्याचे तीन महिने गेले. त्याची बायको पुष्पलता बाजारात सांगायची, "माज्या नवऱ्याला सरकारनं उलटा लिवायला ठेवलाय."

चौऱ्याहत्तर साली एका सरावात, हा आजार ज्यामुळे जडला ती गोष्ट त्याच्या हातून घडली. एक विमान डोंगराआड गेलं आणि रडारवरून पुसलं गेलं. फोनवरचा माणूस गप्प. साहेब काचेकडे बघत होता आणि काच रिकामी. पुंडलिकला ते रिकामपण सोसवेना. त्याने मनाशी हिशेब केला, इतका वेग, इतका वेळ, म्हणजे आता इथे असणार, आणि तिथे खूण केली. साहेबाने आपली विमानं त्या खुणेवर सोडली. विमान आलं दुसऱ्याच दिशेने. सराव असल्यामुळे बॉम्ब कागदावरच पडला, पण पंचाने खोलीतल्या सगळ्यांना मेलेलं ठरवलं, छातीवर चिठ्ठ्या लावल्या आणि बाहेर गवतावर बसवलं. दुपारी चहा आला. मेलेल्यांना चहा मिळाला नाही.

शिकवणारा वॉरंट ऑफिसर कुरियन नावाचा मल्याळी होता. तो ओरडला नाही. पुंडलिकच्या शेजारी गवतावर बसला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "जो दिखा, वो लिखो. जो सुना, वो लिखो. अपना दिमाग मत लिखो." पुंडलिकला त्या दिवशी स्वतःची अशी किळस आली, की संध्याकाळी समोर आलेली थाळी त्याने तशीच परत केली.

पुढे त्याने एकूण अकरा कोर्स केले. काच गेली, पडदे आले. मग यंत्रं एकमेकांना जोडली गेली आणि एका रडारने पाहिलेलं तोंडाने सांगायची गरजच उरली नाही. इथे बटण दाबलं की पाचशे मैलांवरच्या पडद्यावर तीच खूण उमटायची, तिथून पुढच्या, तिथून वैमानिकाच्या हाताशी. पुंडलिक ते शिकला आणि पुढे नव्या पोरांना शिकवू लागला. यंत्र दर पाच वर्षांनी बदलायचं, तो मात्र धडा कुरियनचाच द्यायचा. पूर्वी एकाची लबाडी एका काचेवर राहायची, तो सांगायचा, आता ती एका क्षणात दहा ठिकाणी जाते आणि दहाही ठिकाणी खरीच वाटते.

एक्याण्णव साली पेन्शन घेऊन तो मुरब्याला आला. गावाने त्याला दोनच प्रश्न विचारले. किती विमानं पाडलीस, आणि कँटीनची रम मिळेल का?

बोईसरच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्याला फाटकावर काम मिळालं. तिथून संध्याकाळी सांडपाण्याचा टँकर भरून निघायचा आणि अर्ध्या तासात रिकामा होऊन परत यायचा. त्याचं पाणी जिथे न्यायचं तिथे पोचायलाच तास लागतो हे पुंडलिकला ठाऊक होतं. नाल्याचा रंग तर सगळ्या गावाला दिसत होता. मुकादम म्हणाला, "दो घंटा लिखो, चाचा. सब लिखते हैं." पुंडलिकने रजिस्टर बंद केलं, टोपी त्यावर ठेवली, फाटकाबाहेर जाऊन थुंकला आणि पुन्हा तिकडे गेला नाही. नोकरी अठ्ठेचाळीस दिवस टिकली.

मग गावच्या मच्छीमार सोसायटीने बोटींसाठी वायरलेस घेतले. ऑफिसच्या छपरावर उंच खांब उभा राहिला आणि आतल्या सेटवर बसायला चोवीस वर्षं कानाला फोन लावलेला माणूस गावात आयताच होता. पुंडलिक हरखला. त्याने भिंतीवर समुद्राचा मोठा नकाशा लावला, मधोमध तारापूरच्या वीज केंद्राची चिमणी, कारण आपली माणसं दर्यावर तिच्याच खुणेने जागा सांगतात. चिमणीच्या उत्तरेला की दक्षिणेला, किनाऱ्यापासून किती तास, पाणी किती वाव खोल. दर दोन तासांनी प्रत्येक बोटीने आपली जागा कळवायची आणि पुंडलिकने टाचणी हलवायची. वादळ आलं, इंजिन बंद पडलं, तर कोणाच्या मदतीला कोण हे एका नजरेत दिसेल.

आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की सगळे खोटं बोलतात.

यात गावाला काही वावगं वाटत नव्हतं. पापलेटची जागा सख्ख्या भावाला सांगायची नाही ही बापजाद्यांची रीत, आणि वायरलेस तर अकरा बोटी एकदम ऐकतात. ज्याला उत्तरेला मासा लागला तो दक्षिण सांगायचा. दुसऱ्या एका बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, नामदेव तासच कमी सांगायचा. सगळ्यांत बिलंदर कमलाकांत. तो आवाजात साखर घालून म्हणायचा, "पुंडल्या, खरा सांगतय, दक्षिणेला हाय," आणि संध्याकाळी उत्तरेकडून पापलेट भरून यायचा.

"दादा, अरे जीव जाईल एखाद्या दिवशी," पुंडलिक त्याला म्हणाला.

"जीव दर्याचा हाय. जागा माजी हाय," कमलाकांत म्हणाला आणि जाळं विणत राहिला.

पुंडलिक उठून बाहेर गेला. खुद्द भावाच्या दारात थुंकताना त्याला लाज वाटली, पण तो थुंकला. हाच भाऊ चोवीस वर्षं आईबापांना पोसत होता, हेही त्याला आठवत होतं, म्हणून किळस जास्तच येत होती. ज्यांच्या जिवासाठी आपण टाचण्या हलवतो तेच आपल्याला भिंतीवर थापा टोचायला लावतात, असं त्याला झालं.

शहाणा माणूस सेट बंद करून घरी गेला असता. पुंडलिकने वही घेतली आणि पानाचे दोन रकाने पाडले. डावीकडे तांडेल सांगतो ती जागा. उजवीकडे खरी जागा. खरी कशी कळणार? बोट किती वाजता परतली, ओहोटी कधी होती, कोणाला कोण दिसलं, मासा कुठला, यावरून तो ती काढायचा. दोन मोसमांत त्याने प्रत्येकाच्या थापेची नस पकडली. कमलाकांतच्या नावावर त्रेचाळीस नोंदी होत्या. त्रेचाळीस वेळा तो दक्षिण म्हणाला होता आणि त्रेचाळीस वेळा उत्तरेला होता. भिंतीवरच्या टाचण्या आता उजव्या रकान्यावरून हलू लागल्या आणि त्या बरोबर ठरू लागल्या. गाव खोटं बोलतं तर बोलो, आपण ते सरळ करून घेऊ, या गुर्मीत पुंडलिक होता. आपण पुन्हा आपलं डोकं लिहायला लागलो आहोत हे त्याला दिसलं नाही.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीआधीच्या आठवड्यात सकाळी रेडिओवर वाऱ्याचा इशारा आला. दहापर्यंत आभाळ काळं झालं. पुंडलिकने सगळ्यांना हाका घातल्या. "आज पापलेट इसरा. जागा खरी सांगा आनी घरचा रस्ता धरा." एकेक बोट वळली. दुपारी एकला दहा बोटी खाडीच्या तोंडाशी आल्या होत्या. राहिली कमलाकांतची.

मग त्याचा आवाज आला. इतका क्षीण की केवळ उंच खांबामुळेच ऑफिसात ऐकू आला. बोटींवरच्या सेटवर नुसती खरखर होती. "पुंडल्या, मशीन बंद पडली. नांगर टाकलाय. चिमणीच्या दक्षिणेला, तीन तास, अठरा वाव. पुंडल्या, खरा सांगतय."

पुंडलिकने डाव्या रकान्यात लिहिलं, दक्षिण. पेन तिथेच थांबलं. खरा सांगतय. हे तर तो त्रेचाळीस वेळा म्हणाला होता. कालही म्हणाला होता, आणि काल नामदेवला तो उत्तरेला दिसला होता. मरणाच्या दारातही याची खोड जात नाही, पुंडलिकला वाटलं, आणि पोटातून तीच जुनी किळस वर आली. त्याने परत विचारलं, "दादा, नीट सांग." उत्तर आलं नाही. तिकडचा सेट बंद पडला होता.

नामदेवचं इंजिन सगळ्यांत दांडगं. तो घराच्या दारात येऊन मागे फिरायला तयार झाला. "खय जाव?" त्याने विचारलं.

पुंडलिकने उजव्या रकान्यात लिहिलं आणि तेच सेटवर सांगितलं. "उत्तर."

नामदेवने उत्तरेला तीन तास लाटांशी झुंजत शोध घेतला आणि जीव मुठीत धरून परतला. संध्याकाळी शेजारच्या सातपाटी गावच्या एका बोटीने कमलाकांतच्या बोटीवरच्या चौघांना आणलं. ते प्लास्टिकच्या पिंपांना धरून तरंगत होते, चिमणीच्या दक्षिणेला, अठरा वाव पाण्यात. त्यातला चिंतू खलाशी म्हणाला की तांडेल इंजिनाच्या खोलीत मशीन चालू करत बसले होते, आणखी थोडा वेळ धीर धरा, मदत येतेय म्हणत होते. मोठी लाट आली, बोट पालथी झाली आणि तांडेल आतच राहिले. तासभर अगोदर कोणी आलं असतं तर ते वाचले असते, असं तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी माणसं कमलाकांतच्या अंगणात बसली होती. नामदेव मान खाली घालून म्हणाला, "मेल्या मानसाला नाव ठेवू नये. पन दक्षिणेला होता तर उत्तर कशाला सांगितला? आमी काय मासा चोरायला जात होतो?" बाकीच्यांनी च्यक् च्यक् केलं. कमलाकांतची बायको हंसा दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "जल्मभर खोटा बोलला. मरताना पन खोटाच बोलला. मना किळस येते त्याची."

तो शब्द पुंडलिकचा होता. गप्प बसलं तर हे सगळं भावाबरोबर बुडून जाणार होतं, कोणाला काही कळणार नव्हतं, ऑफिसच्या सेटवर दुसरं कोणी नव्हतंच आणि बोटीवरचं दादाचं बोलणं वाऱ्यात खलाशांनाही ऐकू गेलं नव्हतं. तोंडात तीच नासक्या बोंबलाची चव आली. उठून बाहेर जावं म्हणून तो उठला, अंगणाच्या कडेपर्यंत गेला, आणि परत आला. बंडीच्या खिशातून वही काढून त्याने हंसासमोर उघडली. शाळा चौथीपर्यंत शिकलेली हंसा बोट ठेवून वाचू लागली.

"वहिनी, हा डावा रकाना," पुंडलिक म्हणाला. "दादा काय बोलला तो. दक्षिण. तो खरा बोलला. उत्तर मी लिवला."

नामदेवने मान वर केली.

हंसाने बोट डाव्या रकान्यावरून उजव्यावर नेलं, परत डाव्यावर आणलं. मग तिने विचारलं, अगदी सावकाश, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं:

"भावजी, चोवीस वर्सा सरकारनं तुमाला शिकवला. काय शिकवला?"

पुंडलिकला उत्तर माहीत होतं. कुरियनच्या तीन वाक्यांचं होतं, आणि हिंदीत होतं.