समदं डोक्यात

नळदुर्गात कल्याणप्पा डॉक्टरांचा दवाखाना पस्तीस वर्षांचा. त्यांची ख्याती एकच, या माणसाला कधी पुस्तक उघडावं लागत नाही. नाडी धरायची, दोन प्रश्न विचारायचे, की चिठ्ठी तयार. लोकांनी डोक्यावर घेतलं आणि डॉक्टरही तिथं ऐटीत बसले, खोटं कशाला बोला!

लेक राजनंदिनी पुण्यात डॉक्टर. दिवाळीला आली तेव्हा तिनं वडिलांच्या मोबाईलवर औषधांचं एक ॲप घालून दिलं. दोन गोळ्यांची नावं टाकली की त्या एकमेकींशी भांडतात का, ते लगेच सांगणारं. डॉक्टर ते बघायचे, पण दार लावून. पेशंटसमोर मोबाईल काढला तर लोक म्हणतील, म्हातारा विसरायला लागला.

मग एका बाजारच्या दिवशी धोंडीबा आला. मेंढरं राखणारा, जुना पेशंट. अंगभर गजकर्ण उठलेलं. सोलापुरात त्याच्या हृदयाची झडप बदललेली, त्यापायी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. गजकर्णाची गोळी लिहिताना डॉक्टरांचा पेन अडला. काहीतरी खटकलं. हात खिशातल्या मोबाईलकडं गेला. नेमका तेव्हाच धोंडीबा बाकावरच्या लोकांना कौतुकानं सांगत होता, "सोलापूरचे डॉक्टर घडीघडी मशीनीत बघत्यात. आमच्या डॉक्टरचं समदं डोक्यात हाय."

हात रिकामाच बाहेर आला. चिठ्ठी लिहून झाली.

आठव्या दिवशी धोंडीबाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि सोलापूर गाठायच्या आत तो गेला. कळलं तसं डॉक्टरांनी दार लावून दोन्ही गोळ्यांची नावं टाकली. पहिलीच ओळ, लाल अक्षरात: एकत्र देऊ नका. अरे देवा, एवढीशी ओळ! त्यानंतर त्यांना घास गोड लागला नाही.

तेराव्यानंतर ते धोंडीबाच्या घरी गेले. त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला, सगळं सांगितलं. गोळी, मोबाईल, खिशाकडं गेलेला हात, काही लपवलं नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "त्यात बघाया किती येळ लागला असता?"

"पाणी प्यायला लागतो तेवढा," डॉक्टर म्हणाले.

"मग बघायचं हुतं की, डॉक्टर. आमी बसलो असतो."