डॅफची समिती आणि क्लाइव्हचा पब

व्यसनमुक्तीसाठी गावाने एक व्हावं, असं डॅफ्नी क्विन्लन वर्षभर सांगत होती. शेवटी गाव एक झालं. पबमध्ये. आमच्या वाराबिन गावात चार डोकी जमायला दुसरी जागा नाही, आणि असली तरी तिथे हीटर नाही. समितीचा अध्यक्ष झाला पबचा मालक क्लाइव्ह. गावातल्या पिणाऱ्यांना त्याच्याइतकं जवळून कोण ओळखतं!

डॅफचा जन्म मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालण्यात गेला. नवरा लवकर गेला, मुलगा नील बाटलीत गेला. यंदा त्याने स्वतःहून सोडली. हात थरथरायचे, भिंतींशी बोलायचा. व्यसनमुक्ती केंद्र गाडीने पाच तासांवर, आणि तिथे बेड रिकामा नाही. रोज सकाळी फोन केला नाही तर यादीतून नाव जातं, केला तर कुणी उचलत नाही. बेड मिळेपर्यंत पोरगं कोरडं राहावं, एवढाच डॅफला घोर. गावातच एक नर्स आणि दोन बेड द्या, म्हणून ती सरकारच्या मागे लागली. सरकारने पिवळं बाकडं पाठवलं. त्यावर लिहिलंय, 'बसा, मन मोकळं करा.' काकाकुवे बसतात. मोकळंही करतात, पण मन नव्हे.

मग समितीने निधीसाठी सोडत काढली. पहिलं बक्षीस बिअरचं खोकं, दुसरं मटणाचा ट्रे.

"बिअर कशाला रे?" डॅफने विचारलं.

"अगं, नुसत्या मटणासाठी तिकीट कोण घेतंय?" क्लाइव्ह म्हणाला.

तिने मटणाच्या आशेने नीलच्या नावावर तिकीट घेतलं.

सोडतीच्या रात्री पबमध्ये पहिलंच नाव निघालं नीलचं. टाळ्या पडल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि त्या थांबल्या. नील खोक्यापाशी गेला, क्षणभर उभा राहिला. "दुसरी चिठ्ठी काढा," म्हणाला.

पुन्हा टाळ्या. क्लाइव्हला तर गहिवरून आलं. "शाबास रे पठ्ठ्या! याला माझ्याकडून एक ग्लास!"

ग्लास आलाही, फेसासकट. नीलचा हात पुढे झाला. माझं टाळकं सरकलं, पण डॅफ माझ्याआधी पोचली. जन्मात थेंब न घेतलेल्या त्या बाईने ग्लास उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

"पुढची मीटिंग माझ्या शेडमध्ये," तोंड पुसत ती म्हणाली. "चहा मिळेल."

पुढच्या गुरुवारी तिने शेडभर खुर्च्या मांडल्या. जमलो तिघं. ती, नील आणि समोरचा टायरवाला, म्हणजे मी. क्लाइव्हने निरोप धाडला होता, विषय फार महत्त्वाचा आहे, थंडी सरली की बघू.

नीलने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "आई, केंद्रातली रांग एवढीच असती, तर मी कधीच आत असतो गं."

डॅफ हसली, आणि हसता हसता रडायला लागली. नीलने किटली उचलली. हात थरथरत होता, निम्मा चहा टेबलावर सांडला. पण तिचा कप त्याने भरला.